रिकामे पॅच

इफेओमाचा फोन आला तेव्हा मी शेंगदाणे भाजत होते, आणि तिचं बोलणं संपेपर्यंत ते करपले. पहिल्याच वाक्यात तिने प्रसन्नचं नाव घेतलं, तेही फार हळुवार आवाजात. माझ्या नवऱ्याबद्दल कोणी इतक्या हळुवारपणे बोलायला लागलं की हल्ली माझं पित्त खवळतं.

इफेओमा लागोसला राहते. 'कवाड' नावाच्या खुल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात प्रसन्न उभं आयुष्य फुकट राबला, त्या प्रकल्पाची ती सध्याची समन्वयक. तिचं म्हणणं असं की प्रसन्न रोज सकाळी एक पॅच पाठवतो. पॅच म्हणजे प्रोग्रॅममध्ये सुचवलेली दुरुस्ती. पण हा पॅच रोज रिकामाच असतो, आत एक अक्षर बदललेलं नसतं. वर टीप मात्र ठसठशीत: 'गंभीर चूक दुरुस्त केली आहे. तातडीने पाहावे.' आधी लोक त्याला विचारायचे की बाबा, काय दुरुस्त केलंस? आता कोणी विचारत नाही. ज्याची पाळी असेल तो गुपचूप तो पॅच बंद करून टाकतो. तेव्हा पॅच पाठवण्याचा त्याचा अधिकार काढून घ्यावा का, असं ती मला विचारत होती. प्रसन्नला कारण सांगायची गरज नाही, असंही ती म्हणाली.

"तू म्हणशील तसं करू," ती म्हणाली. "तू नको म्हणालीस तर हा विषय इथेच संपला."

मी विचार करून सांगते म्हणाले. तो अधिकार गेला तर प्रसन्नकडे सकाळी उठण्याचं काय कारण उरेल, हे मला माहीत नव्हतं.

आता 'कवाड' म्हणजे काय ते सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माणूस प्रोग्रॅम लिहितो तो सी, सी प्लस प्लस अशा भाषांत. यंत्राला त्यातलं ओ की ठो कळत नाही, त्याला फक्त शून्य आणि एक कळतात. मधला दुभाषा म्हणजे कंपायलर. त्याचे दोन भाग असतात. पुढचा भाग माणसाने लिहिलेलं वाचतो, शब्द सुटे करतो, नियमात बसतं का ते बघतो, आणि सगळ्याची फांद्या फुटलेल्या झाडासारखी मांडणी करून मागच्या भागाच्या हाती देतो. मागचा भाग त्यातून यंत्रासाठी आज्ञा तयार करतो. 'कवाड' हा पुढचा भाग, सी आणि तिच्या भावकीतल्या सगळ्या भाषांसाठी. कोणीही वापरावा, कोणीही उघडून बघावा, कोणीही सुधारावा.

जुने कंपायलर चूक दाखवायचे ते अंगावर धावून आल्यासारखे. 'कवाड' सभ्य होतं. 'इथे अर्धविराम राहिलाय, घालू का?' असं विचारायचं. या सभ्यपणावर जग भाळलं. पण यंत्राला एकदा 'घालू का' विचारायची सवय लागली की ते कधीतरी न विचारता घालणार, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

काही वर्षांपूर्वी 'कवाड'मध्ये 'आशय' नावाचा टप्पा आला. खुल्या प्रकल्पात माणसाने लिहिलेली प्रत्येक ओळ जाहीर असते, खोडलेलीसुद्धा. ते सगळं वाचून आशय प्रत्येकाच्या लिहिण्याचं वळण शिकतो. तुमचं लिखाण त्या वळणाबाहेर गेलं की तो धरून चालतो की हात घसरला, आणि तुम्हाला जे म्हणायचं असणार ते स्वतःच लिहितो. नवशिक्यांच्या बाबतीत तो बिचकतो, कारण त्यांची माहिती थोडी. प्रसन्नसारखा माणूस समोर आला की त्याला शंका म्हणून येत नाही.

त्यात या मंडळींचा एक जुना शहाणपणा. महिरपी कंस ओळीच्या शेवटी ठेवायचा की खालच्या ओळीत, यावरून जगभरचे हुशार लोक वर्षानुवर्षं भांडले. शेवटी ठरलं की पॅच तपासताना अक्षरं बघायचीच नाहीत. 'कवाड'ने वाचून बनवलेली आधीची आणि नंतरची झाडं शेजारी ठेवायची आणि फरक दिसेल तेवढाच बघायचा. मूळ टंकलेलं कुठेतरी साठून राहतं, पण ते उघडून बघणं म्हणजे शेजाऱ्याच्या न्हाणीघरात डोकावणं समजतात. मी स्वतः नोकरीभर बँकांचे प्रोग्रॅम लिहिले, पगारापुरते. मला हे सोवळंओवळं कधी कळलं नाही.

आम्ही पुणं सोडून मिरजेला आलो ते प्रसन्नचं गाव म्हणून. खालच्या गल्लीत सतारी बनतात. सकाळी कोणीतरी एकच तार पुन्हा पुन्हा लावत असतं आणि वर आमच्याकडे प्रसन्नच्या कीबोर्डची टकटक. वर्षभरापूर्वी डॉक्टरांनी त्याला घड्याळ काढायला सांगितलं. त्याने सगळे आकडे उजव्या अंगाला दाटीवाटीने बसवले आणि डावीकडची मोकळी जागा बघून स्वतःच गोंधळला. स्मृतीचा आजार आहे, पहिली पायरी आहे, असं डॉक्टर म्हणाले. मी त्यांना ऐटीत सांगितलं की बाकी काय ते विसरेल, सी विसरणार नाही, अजून रोज बिनचूक लिहितो. डॉक्टरांनाही नवल वाटलं.

एकच तक्रार तो सारखी करायचा. स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणायचा, "वृषाली, मी लिहिलं होतं ते हे नव्हे." मी डॉक्टरांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, अशा रुग्णांना वाटतं की आपल्या वस्तू कोणीतरी हलवतंय. मला ते पटलं, कारण चष्म्याबद्दलही तो तेच म्हणत होता, आणि चष्मा त्याच्याच खिशात असायचा.

इफेओमाच्या फोननंतर मी पहिल्यांदा त्याच्या मागे खुर्ची टाकून बसले आणि स्क्रीनऐवजी बोटांकडे बघितलं. बोटं अडखळत होती. एक कळ दाबायची, थांबायचं, भलतीच दाबायची. वर स्क्रीनवर मात्र घडी घातलेल्या धोतरासारख्या नीटनेटक्या ओळी उमटत होत्या. म्हणजे बिनचूक लिहीत होता तो आशय. मी वर्षभर ज्याचं कौतुक करत होते तो माणूस खुर्चीत नव्हताच. मग तो कुठे होता? प्रसन्नच्या तरुणपणापासूनच्या ओळी वाचून तयार झालेला आशय जास्त प्रसन्न, की चष्मा शोधणारा हा? मी दिवसभर त्या विचारात होते, आणि संध्याकाळी इफेओमाला 'काढून टाक' असं लिहायला घेतलं.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरची शबाना आली. शबाना जमादार इथल्या एका इस्पितळात यंत्रांची देखभाल बघते. हल्ली रुग्णांना घरी पाठवतात आणि सोबत औषधाचा पंप देतात. ठरावीक वेळाने तो वेदनाशामकाची मात्रा देत राहतो. शबानाच्या खालालाही, म्हणजे मावशीलाही, तसा पंप लावला होता. आदल्या दिवशी त्याने लागोपाठ मात्रा सोडल्या. शबाना घरात होती म्हणून तिने नळी उपटली आणि खाला वाचली. त्यानंतर पंप पुन्हा शहाण्यासारखा चालू लागला.

"कंपनीवाले म्हणालेत, पेशंटनंच बटण दाबलं," शबाना म्हणाली. "काकी, खालाचा हात उशीपर्यंत जात नाही हो. बटण कुठनं दाबणार?"

चोर सोडून संन्याशाला फाशी, म्हटलं. पण ती आमच्याकडे का आली ते कळेना. मग तिने सांगितलं. पंपात कोणाकोणाचे खुले प्रोग्रॅम वापरलेत याची माहिती त्याच्या पडद्यावर असते. त्यात वेळ मोजणाऱ्या 'घटका' या भागापुढे प्रसन्न रणपिसे हे नाव होतं. 'घटका' त्याने लग्नाआधी लिहिलेली, पुढे तीही 'कवाड'च्या मंडळींनीच सांभाळायला घेतली. फुकट, जुनी, खात्रीची, म्हणून अर्ध्या जगाच्या यंत्रांत जाऊन बसलेली. तो रोज सकाळी रिकामे पॅच पाठवत होता तेही 'घटका'लाच.

मी शबानाला खुणेनेच सांगितलं की याला काही विचारून उपयोग नाही. पण प्रसन्नने ऐकलं होतं.

"पंप मधे बंद केला होता?"

"नाही काका. चालूच आहे की. दीड महिन्याच्या वर झाला."

"मग बरोबर. तिथे वजाबाकी पाहिजे. बेरीज आहे." आणि जरा थांबून, "मी केली आहे ती. आजच केली."

शबानाने माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेतली दया बघून मला प्रसन्नची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून स्वतःचा संताप आला. हा विषय एकदाचा मिटवावा म्हणून मी 'घटका'ची ती ओळ स्क्रीनवर आणली. तिथे बेरीजच होती. ती वाचून प्रसन्नचा चेहरा कोणी कानाखाली वाजवावी तसा झाला.

"मी हे लिहिलं नव्हतं," तो म्हणाला.

त्याच्या तोंडचं ते वाक्य मला आणखी एकदा ऐकवेना. म्हटलं, लिही माझ्यासमोर. आणि त्याला नंतर आशयकडे बोट दाखवता येऊ नये म्हणून मी आशय बंद केला. त्याच्यावर विश्वास ठेवून नव्हे, वाद संपवायला.

त्याने लिहिलं. लाल खुणांचा सडा पडला. नावं अर्धवट, एक कंस उघडाच, एक ओळ दोनदा. आणि त्या सगळ्या पसाऱ्यात मधोमध, धडधाकट, वजाबाकी उभी होती. मी आशय चालू केला. पसारा नाहीसा झाला, आणि वजाबाकीच्या जागी बेरीज आली. बंद केला, वजाबाकी. चालू, बेरीज. दिव्याचं बटण सापडलेल्या पोरासारखी मी ते करत बसले. शबाना मागे उभी राहून बघत होती. ती खालाबद्दल विचारायचंही विसरली.

झालं होतं ते असं. यंत्रातलं घड्याळ स्कूटरच्या जुन्या मीटरसारखं असतं. पाच आकडी मीटर ९९९९९ झालं की पुढे ०००००. समजा मीटर ९९९९० वर आहे आणि पन्नास किलोमीटरनंतर तेल बदलायचंय. बेरीज केली तर यायला हवे १०००४०, पण पाच आकड्यांत उरतात ०००४०. मग पुढच्याच किलोमीटरला मीटर म्हणतं, ९९९९१ हे ४० पेक्षा मोठं, बदला तेल. त्याच्या पुढच्याला पुन्हा, बदला तेल. पंपाने अशाच मात्रा सोडल्या. तेच, 'आत्ताच्या आकड्यातून मागचा आकडा वजा करून किती अंतर झालं' असं विचारलं तर हातचा घेऊन उत्तर नेहमी बरोबर येतं. पंपाचं मीटर भरायला दीड महिन्याहून जास्त काळ लागतो. इस्पितळात तोवर कोणीतरी पंप बंद करून पुन्हा लावायचं, म्हणून ही चूक इतकी वर्षं दडून राहिली. घरोघरी पंप अखंड चालायला लागले आणि ती बाहेर आली.

शाळेच्या गणितात मात्र दोन्ही एकच. पद चिन्ह बदलून पलीकडे नेलं, बस. आशयला हे माहीत होतं. शिवाय हा माणूस अशा ठिकाणी आयुष्यभर बेरीज लिहितो हेही माहीत होतं. म्हणून तो दर वेळी त्याची वजाबाकी त्याच्या जुन्या वळणावर आणून ठेवायचा. आधीचं झाड आणि नंतरचं झाड सारखं निघायचं, आणि लागोसपर्यंत रिकामा पॅच पोचायचा.

मी मग ते शेजाऱ्याचं न्हाणीघर उघडलं. जुन्या पॅचमागचं मूळ टंकलेलं एकामागून एक काढलं. प्रत्येकात वजाबाकी होती. आजूबाजूचा गोंधळ महिन्यागणिक वाढत गेलेला, वजाबाकी तशीच. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. शबानाची खाला मरता मरता वाचली, आणि औषध आमच्या दिवाणखान्यातून रोज रवाना होत होतं.

पण मला रडू आलं ते दुसऱ्याच गोष्टीने. रोजच्या टिपेत एक वाक्य असायचं: 'ही चूक मला आज सापडली.' ते खोटं नव्हतं. काल सापडली होती हे त्याच्या लक्षात नसायचं. तो रोज कोऱ्या मनाने ती ओळ वाचायचा आणि स्वतःची जुनी चूक नव्याने पकडायचा. हा माणूस आजारी होता आणि बरोबर होता. मी वर्षभर यातलं एकच धरून बसले होते. आता दोन्ही एकदम कसं धरायचं ते मला कळेना.

इफेओमाला फोन केला. ती म्हणाली की प्रसन्नचा अधिकार तो आहे तोवर कोणी काढणार नाही. दुरुस्ती त्याच्या नावाने आत गेली, पंपांच्या कंपन्यांनी घाईघाईने ती सगळीकडे पोचवली, खालाच्या पंपातही. आशय कोणाच्या परवानगीने बदलतो यावरून 'कवाड'मध्ये जे भांडण पेटलं ते अजून चालू आहे. त्यात सगळ्यात तिखट पत्रं माझी आहेत. माणसाच्या मनातलं ओळखून परस्पर बदल करायचा हक्क तुम्हाला कोणी दिला, असं मी लिहिलं. देशोदेशीच्या लोकांनी ते उचलून धरलं.

प्रसन्नला मी अभिनंदनाची पत्रं वाचून दाखवली. दुसऱ्याच्या सत्काराला गेल्यासारखा तो शांत बसून ऐकत होता.

"चांगलं काम झालं," तो म्हणाला. "कोणी शोधली?"

"तूच."

तो हसला. मी थट्टा करतेय असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा बसला, 'घटका' उघडली, आणि त्या ओळीपाशी येऊन थांबला. तिथे वजाबाकी होती. त्याने वर वाचलं, खाली वाचलं. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. चहा निवला. "इथे काहीतरी होतं," तो म्हणाला. त्या दिवशी तो जेवला नाही. मग रोज तेच. चूक सापडेना तेव्हा तो चांगल्या ओळी बदलायला लागला. आता त्याचा आशय बंद होता, त्यामुळे पाठवलेलं जसंच्या तसं पोचायचं, आणि लोक आदराने, आभार मानून, नाकारायचे. ते नकार तो नीट वाचायचा. एका सकाळी तो खुर्चीत बसलाच नाही. गॅलरीत उभा राहून खालची तार ऐकत राहिला. मी विचारलं तर म्हणाला, "माझं डोकं चालत नाही गं आता." आजार झाल्यापासून हे तो पहिल्यांदा म्हणाला होता.

मी ते सहन करू शकले नाही. त्याच दुपारी, तो झोपला असताना, मी त्याच्या कॉम्प्युटरवर 'घटका'ची जुनी प्रत ठेवली. बेरीज असलेली. बाहेर जाणारी वाट तोडली. तो जे पाठवेल ते माझ्या कॉम्प्युटरवर येऊन पडेल अशी सोय केली. लागोसच्या दप्तरी त्याचा अधिकार अजून आहे. इफेओमाने विचारलं होतं तेव्हा मी 'काढून टाक' लिहिता लिहिता थांबले होते. शेवटी काढला तो मी, तिला न सांगता आणि त्याला न विचारता. आशयनेही याहून वेगळं काय केलं होतं? अजून ती तिखट पत्रं लिहिते.

आज सकाळी पोहे करत होते. आतून हाक आली.

"वृषाली, इकडे ये. हे बघ काय सापडलंय."

मी हात पुसून गेले, खुर्ची ओढली. त्याने ती ओळ दाखवली आणि स्कूटरच्या मीटरपासून सुरुवात केली. डोळे चमकत होते. कॉलेजात असताना माझ्या वहीच्या मागच्या पानावर काहीबाही समजावून सांगायचा तेव्हा चमकायचे तसेच. "म्हणजे इतकी वर्षं चुकीचं होतं?" मी विचारलं. रोज विचारते. "माझीच चूक," तो खुशीत म्हणाला.

मग बोटं कीबोर्डवर ठेवून तो माझ्याकडे बघत राहिला, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.

"तुला आधीच माहीत होतं का?"

"नाही," मी म्हणाले.

त्याने मान हलवली. टीप लिहिली. शेवटची कळ दाबायच्या आधी पुन्हा माझ्याकडे वळला.

"पाठवू?"

"पाठव."